भाऊजींच्या चोवीस उकली

पुलाच्या मधोमध आल्यावर भाऊजी थांबले, कठड्याला टेकले आणि म्हणाले, "कोड्यातलं सातवं आडवं त्यातल्या त्यात बरं आहे."

"आधी चला," धाकटी म्हणाली.

"नाही, ऐक तर. 'वा! म्हणत सैन्य आलं आणि छप्पर घेऊन गेलं.' उत्तर दिलेलं, कपाट. तर मी लिहिलं की सैन्य लुटायला आलं, लूट बघून 'वा' म्हणालं, आणि एवढी लूट ठेवायला काय लागतं? कपाट."

"आणि छप्पर?"

"कपाटाच्या वर असतं ना, जिथे आपण जुन्या बॅगा टाकतो, ते." भाऊजींनी डोळे मिटले. "हे मी लिहिलं, धाकटे. शुद्धीवर असताना लिहिलं. आणि आता ते डोळ्यांत खुपतंय. वा! सैन्य म्हणजे दळ. वा, दळ. वादळ! छप्पर आणखी कोण घेऊन जातं? शेंबडं पोरही सांगेल."

"तुम्ही लिहिलंत आणि मी ते सुंदर अक्षरात उतरवून काढलं," धाकटी म्हणाली. "दोघंही सारखेच. चला. चार वाजता संपादकबाई टपाल उघडतात, त्याआधी पाकीट परत घ्यायचंय."

पूल दुरुस्तीसाठी गाड्यांना बंद होता. बसने त्यांना अलीकडच्या तोंडाशी उतरवून दिलं होतं आणि पलीकडे साप्ताहिकाच्या कचेरीपर्यंत चांगली तासाभराची पायपीट होती. भाऊजींची चाल म्हणजे बोलणं सुरू की पाय बंद, पाय सुरू की बोलणं बंद. त्यामुळे धाकटी त्यांना बोलू देत नव्हती आणि ते बोलल्याशिवाय राहत नव्हते. दोन पावलं पुढे आणि एक सूत्र मागे, असा प्रवास चालला होता.

धाकटी म्हणजे भाऊजींची मेहुणी. वय पन्नाशीला टेकलेलं, पण ताईची धाकटी बहीण म्हणून सगळ्या बिऱ्हाडाची ती धाकटीच राहिली. अठरा वर्षांपूर्वी ती ताईच्या वरच्या मजल्यावर राहायला आली, तेव्हापासून दोन्ही वेळचं जेवण खालीच. नोंदणी कचेरीत ती नकला उतरवायच्या कामावर होती. समोर जो कागद येईल तो जसाच्या तसा, काना-मात्रा न चुकता उतरवायचा. नक्कल करणाऱ्याने अर्थात शिरायचं नसतं, हे तिला पहिल्या दिवशी साहेबांनी सांगितलं होतं आणि तिने ते व्रतासारखं पाळलं होतं. सकाळी उठून देवाचं नाव घ्यायचं, दिवसभर लोकांचे कागद उतरवायचे आणि रात्री पुन्हा देवाचं नाव घ्यायचं. अर्थ देवाकडे, अक्षर आपल्याकडे.

भाऊजी सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायचे. तेहतीस वर्षं तीच अंधारी खोली, तोच शिशाचा जड एप्रन आणि तेच दोन हुकूम, "श्वास घ्या. रोखा." तिसरा हुकूम "सोडा." तो भाऊजी कधीकधी विसरायचे. कारण असं की काचेच्या आड गेलं की खिशातलं घडी घातलेलं कोडं त्यांच्या हाताला लागायचं, आणि नेमकं त्याच क्षणी सकाळपासून अडलेलं एखादं सूत्र सुटायचं. एकदा बँडमध्ये तुतारी वाजवणाऱ्या एका माणसाने पाऊण मिनिट श्वास धरून ठेवला आणि बाहेर आल्यावर म्हणाला, "काही हरकत नाही साहेब, सराव आहे." एका वकिलाने मात्र आपल्या मनानेच सोडला. त्याला भाऊजींनी वर सुनावलं, "मी सोडा म्हणालो का?"

ही सूत्रं म्हणजे काय, ते सांगायला हवं. साध्या शब्दकोड्यात सरळ विचारतात, फळाचं नाव, तीन अक्षरं. भाऊजींच्या कोड्याला सरळ विचारलेलं चालत नसे. त्यात प्रत्येक शब्दासाठी एक वाकडी ओळ दिलेली असे. वाचायला गेलं तर एक अर्थ, आणि तिचे सांधे सुटे करून पाहिले तर आत भलतंच. भाऊजी तिला सूत्र म्हणायचे. ताई तिला तिरकं बोलणं म्हणायची. भाऊजींना सूत्र सोडवण्यापेक्षा ते सुटलं कसं हे समजावून सांगण्यात जास्त गोडी होती, आणि अडचण तिथेच होती. दोन मिनिटांत सोडवायचं आणि वीस मिनिटं समजावायचं. पाणी आणून देणाऱ्यापासून जावयापर्यंत कोणीही तावडीतून सुटलं नव्हतं. शेवटी ताईने नियम केला की एका जेवणाला एकच सूत्र, आणि समोरच्याच्या तोंडात घास असेल तर तेही नाही. त्यानंतर घरातली माणसं फार सावकाश चावून खायला लागली.

धाकटी तेवढी मान हलवायची. भाऊजींची बोटं ताटाच्या कडेवर अक्षरं मोडत-जोडत असायची, डोळे लकाकत असायचे, आणि "कळलं?" विचारल्यावर "नाही" म्हणणं तिच्या जिवावर यायचं. देवाने एखाद्याला एवढा आनंद दिला असेल तर आपण त्यात खडा का टाकावा?

कोडं ज्या साप्ताहिकात यायचं त्याचा कोडेकार स्वतःला गुंताजी म्हणवत असे. त्याला कोणी पाहिलं नव्हतं. भाऊजी तीस वर्षं दर आठवड्याला त्याचं कोडं सोडवून पाठवत होते, आणि सोबत कोणी न मागता उकलीचे दोन कागदही जोडत होते. एवढ्या वर्षांत उत्तर एकदाही आलं नाही. आणि भाऊजींच्या निवृत्तीला महिना उरलेला असताना अचानक कचेरीतून जाड पाकीट आलं. वाचक तक्रार करतात, संपादकबाईंनी लिहिलं होतं, की उत्तरं छापली तरी ती कशी आली ते समजत नाही. तेव्हा यापुढे कोड्याखाली उकल छापायची आहे. सोबत येत्या कोड्याची चोवीस सूत्रं आणि त्यांची उत्तरं जोडली आहेत. उकल लिहून पाठवा. पसंत पडली तर दर आठवड्याचं काम तुमचं.

भाऊजींनी ते पत्र तीनदा वाचलं, मग शर्टाच्या खिशात ठेवलं, मग पुन्हा काढून ताईला वाचून दाखवलं. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊजींना वाटलं, अभिमानाने.

"अभिमान कसला डोंबलाचा," ताई नंतर जिन्यात धाकटीला म्हणाली. "पुढच्या महिन्यापासून हा माणूस दिवसभर घरात. दिवसभर! आज दवाखान्यातले रोगी आहेत म्हणून आपण वाचतोय. एका जेवणाला एक सूत्र हा नियम टिकेल का मग? चहाला एक, नाश्त्याला एक, आंघोळीआधी एक. हे काम यांना मिळालंच पाहिजे. काय वाटेल ते कर, पण यांना लोकांना समजावायला पाठव."

भाऊजींनी तीन दिवस घेतले. एरवी दोन मिनिटांत उकल सांगणारा माणूस तीन दिवस डोक्याला हात लावून बसला, तेव्हाच कोणाला तरी शंका यायला हवी होती. धाकटीला वाटलं, मोठ्या कामाची उकलही खोल असणार. चौथ्या दिवशी त्यांनी सव्वीस पानं तिच्यापुढे ठेवली. तिने कचेरीतून आल्यावर रोज दोन-दोन तास बसून ती उतरवली. अर्थात शिरली नाही. पाकीट भाऊजींनी स्वतः जाऊन कचेरीच्या पेटीत टाकलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीच्या कारकुनाचा फोन आला. "माफ करा हं," तो ताईला म्हणाला, "उत्तरांचा कागद चुकून पुढच्या कोड्याचा गेलाय. सूत्रं एका कोड्याची, उत्तरं दुसऱ्याची. बरोबर कागद पाठवतोय. त्यांनी काम सुरू केलं नसेल ना अजून?" पाकीट कालच पेटीत पडलंय हे ताईकडून कळल्यावर तो घाईघाईने म्हणाला, "मग चारच्या आत येऊन घेऊन जा, बाई चारला टपाल उघडतात."

ताईने हे दुपारी जेवताना सांगितलं. भाऊजींच्या हातातला घास हातातच राहिला आणि ते काहीच बोलले नाहीत. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ते काही बोलले नाहीत, त्यामुळे ताईने घाबरून आधी धाकटीला हाक मारली आणि मग डॉक्टरला बोलवू का विचारलं.

"पण भाऊजी," धाकटी पूल उतरता उतरता म्हणाली, "तुमच्यासारख्याला पहिल्याच ओळीला कळायला नको का, की सूत्राचा आणि उत्तराचा काडीचा संबंध नाही?"

"कळलं होतं."

"मग?"

"मला वाटलं, मलाच दिसत नाहीये." भाऊजी पुन्हा थांबले. "गुंताजींचं उत्तर चुकेल का? तीस वर्षांत एक अक्षर चुकलं नाही त्यांचं. उत्तर समोर आहे म्हणजे वाट असणारच. आपण फक्त शोधायची. तू देवळात उभी राहून विचारतेस का, की समोर खरंच कोणी आहे का म्हणून?"

"माझ्या देवाला यात ओढू नका," धाकटी म्हणाली, पण जरा हळू आवाजात. "आणि अक्षरांची संख्या? कंसात चार लिहिलेलं आणि उत्तरात तीन?"

"कुठे?"

"बाविसावं उभं. 'दुय्यम दर्जाचा वास, पण पोट रिकामं.' उत्तर पोपट. मला पाठ आहे, मीच उतरवलंय. पोपटाला खायला मिळालं नाही म्हणून पोट रिकामं, पिंजरा साफ केला नाही म्हणून वास, आणि चौथं अक्षर पोपटाने भुकेपोटी खाल्लं."

भाऊजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "उपवास होतं गं ते," ते बोटांच्या फटीतून म्हणाले. "उप. वास. धडधडीत उपवास."

"चला आता. पावणेचार झाले."

कचेरी एका वह्या-पेन्सिलींच्या दुकानाच्या वर होती. जिना इतका अरुंद की वर जाणाऱ्याला खाली येणाऱ्याची इच्छा विचारावी लागे. त्याच्या प्रत्येक पायरीवर जुन्या अंकांचे गठ्ठे रचलेले होते. वरच्या खोलीत दोन टेबलं, एक पंखा आणि एक कारकून. कारकुनाने भाऊजींना पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. बाईंनी आज टपाल तीनलाच उघडलं होतं.

संपादकबाई चाळिशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. वडिलांमागे साप्ताहिक त्यांच्याकडे आलं होतं आणि वडिलांमागेच गुंताजींचं कोडंही. धाकटीच्या अक्षरातली सव्वीस पानं त्यांच्यापुढे पसरली होती. शेवटचं पान हातात होतं.

"या, या!" बाई उठूनच उभ्या राहिल्या. "तुम्हालाच फोन करणार होते. अहो, काय लिहिलंय तुम्ही!"

भाऊजींनी जवळची खुर्ची चाचपली. धाकटीने त्यांना खुर्चीत बसवलं.

"खरं सांगते," बाई म्हणाल्या, "लहानपणापासून हे कोडं घरात, पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. बाबा सांगायचे आणि माझ्या डोळ्यांवर झापड यायची. आज पहिल्यांदा एकेक पटत गेलं. हे बघा, 'मास्तरांची मोटार.' उत्तर मुलाखत. मास्तरांची मोटार बंद पडली, मुलं ढकलायला आली, आणि मास्तर आत बसून खिडकीतून एकेकाला प्रश्न विचारतायत! डोळ्यांसमोर उभं राहिलं हो अगदी. आणि 'उलटलं तरी काही बिघडत नाही असं पाण्यातलं वाहन', उत्तर कारण! बुडत्या माणसाला काडीचा आधार, आणि चुकलेल्या माणसाला कारणाचा. म्हणून कारण हेच वाहन. वा! मी तर म्हणते, काम तुमचंच."

बाईंच्या पाठीमागे कारकून ओठांवर बोट ठेवून उभा होता. कागदांची अदलाबदल त्याने बाईंना सांगितलेलीच नव्हती. आपली चूक आपणच गुपचूप निस्तरावी असा त्याचा बेत होता, आणि तो तर आपोआपच तडीस चालला होता. तो भाऊजींकडे बघून बोट ओठांवर दाबत होता आणि धाकटीकडे बघून हात जोडत होता. अळीमिळी गुपचिळी.

धाकटीने टेबलाखालून भाऊजींच्या पायावर पाय ठेवला. तिच्या डोळ्यांसमोर ताई आली, निवृत्ती आली, आंघोळीआधीचं सूत्र आलं. देवा, ती मनात म्हणाली, आज एवढा एक दिवस यांची वाचा बंद ठेव. म्हणून झाल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. देवाला आजवर तिने कधी खोट्याच्या बाजूने उभं राहायला सांगितलं नव्हतं. तिने पाय काढून घेतला.

भाऊजींनी पुढ्यातली पानं बाजूला सारली. "बाई," ते म्हणाले, "यातलं एकही खरं नाही."

"म्हणजे?"

"उत्तरं दुसऱ्या कोड्याची आहेत. मी ती ओढूनताणून बसवली. चोवीसच्या चोवीस. शुद्ध बादरायण संबंध."

कारकून खाली वाकून बूट बांधायला लागला. त्याच्या पायात चप्पल होती.

बाई खाली बसल्या. "मग मास्तरांची मोटार काय आहे?"

"मास्तर म्हणजे सर. मोटार म्हणजे कार. सरकार."

बाईंनी बोटांवर चार अक्षरं मोजली. मग त्यांनी विचारलं, "एवढंच?"

"एवढंच."

"आणि हे जे तुम्ही मोटार ढकलणाऱ्या मुलांचं दीड पान लिहिलंत?"

"ते श्रद्धेने लिहिलं," भाऊजी म्हणाले.

"आणि पाण्यातलं वाहन?"

"जहाज. उलटं वाचलं तरी जहाजच."

"अहो, मग मला खोटं पटलं आणि खऱ्याला दोन शब्द पुरतात, असं झालं की!" बाईंनी सव्वीस पानांकडे पाहिलं. कालचा गोंधळ बरा होता असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मग त्यांची नजर धाकटीवर गेली. "हे अक्षर तुमचं ना? तुम्ही तर सगळं उतरवलंत. तुम्हाला नाही कुठे खटकलं?"

आता सगळे धाकटीकडे बघत होते. भाऊजीही. तिने पदर नीट केला.

"उतरवताना नाही खटकलं," ती म्हणाली. "मला यांचं अठरा वर्षांत काहीच कळलेलं नाही. खरं सांगायचे तेही नाही, आणि हे खोटं लिहिलं तेही नाही. दोन्ही मला सारखंच दिसतं. मी आपली मान हलवते. पण सर आणि कार मात्र कळलं. आत्ता, इथे बसल्या बसल्या. जहाजही कळलं. मी मनात उलटं म्हणून बघितलं."

भाऊजी तिच्याकडे बघत राहिले. चोवीस उकली चुकल्यावर झाला नव्हता एवढा त्यांचा चेहरा आत्ता पडला.

बाईंनी मात्र कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला. "हे बघा," त्या म्हणाल्या, "खरं बोललात म्हणून काम तुम्हाला देते. पण चारच आठवडे. आणि दोन अटी. एक, प्रत्येक उकल एका ओळीत. तुमची ओळ नाही, छापलेली ओळ, बोटभर."

"बोटभर!" भाऊजी म्हणाले.

"बोटभर. आणि दुसरी. ज्याला कोडं येत नाही अशा एका माणसाची उकलीखाली सही पाहिजे, 'मला कळलं' म्हणून. सही नसेल ती उकल मी छापणार नाही. चारांतल्या एका आठवड्याला जरी चोवीस सह्या झाल्या नाहीत, तर काम दुसऱ्याला."

कारकुनाने मुकाट्याने बरोबर उत्तरांचा कागद आणून दिला. भाऊजींनी तो उलटा घडी घालून खिशात ठेवला. "आधी मी सोडवणार," ते म्हणाले.

परतताना पुलावर उन्हं कलली होती. दुरुस्तीवाले आपली फावडी गोळा करत होते. भाऊजी सलग चालत होते, एकदाही न थांबता, आणि त्यामुळे धाकटी सारखी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. बोलले असते तर बरं झालं असतं. पूल संपला, बसचा थांबा आला, तरी शब्द नाही.

"रागावलात?" शेवटी तीच म्हणाली.

"अठरा वर्षं," भाऊजी म्हणाले. "रोज दोन जेवणं. किती होतात?"

"मोजू नका."

"एकदाही नाही कळलं?"

"एकदाही नाही. पण तुम्ही सांगताना बरं वाटायचं मला. खोटं नाही सांगत."

भाऊजींनी मान डोलावली. बस दिसत नव्हती. ते थांब्याच्या बाकावर बसले, खिशातून कोरा कागद काढला, मांडीवर ठेवून त्यावर काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, निम्मं खोडलं. उरलं ते बोटभर होतं. तो कागद त्यांनी तिच्यापुढे धरला, पण लगेच तिच्या हातात दिला नाही.

"धाकटे, सही तूच करायची," ते म्हणाले. "तुझ्याइतकं न कळणारं माणूस मला दुसरं मिळायचं नाही. पण एक मागतो. ताईसाठी करू नकोस. माझं तोंड बघून करू नकोस. नाही कळलं तर नाही म्हण. दहा वेळा म्हण, मी दहा वेळा लिहीन. ते काम गेलं तर जाऊ दे. पण मान हलवू नकोस."